डाव्या हाताचे उसने नाव

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी कोल्हापुरात एका विमा सर्व्हेअरच्या कार्यालयात नुकसानीच्या फाइली लावण्याचे काम करत होते. एका फाउंड्रीने स्पेनच्या बास्क प्रांतातल्या एल्गोइबार या गावाहून ग्राइंडिंग मशीन मागवले होते. यंत्रे बनवणाऱ्या कारखान्यांसाठी ते गाव प्रसिद्ध आहे. लाकडी खोका उतरवताना कलंडला, मशीन एका अंगाने चेपले, आणि दोन देशांतल्या विमावाल्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला. स्पेनहून आलेल्या कागदांवर सगळ्यांत वर एक क्रमांक असे आणि त्याआधी शब्द असे 'सिन्येस्त्रो'. शब्दकोश काढून पाहिले, तर पहिला अर्थ निघाला 'डावा'. दुसरा 'अशुभ, दुष्ट'. तिसरा 'अपघात, विम्याची नुकसानी'. म्हणजे आपण ज्याला दावा म्हणतो, त्याला हे लोक डावा म्हणतात, असा एक पोरकट विनोद मी तेव्हा शेजारच्या टेबलावर केला होता.

पण त्याच फाइलीत मशीनचे एक रेखाचित्र होते. चेपलेल्या बाजूला बाण काढून तिथे 'डावी बाजू' असे लिहिलेले होते, आणि त्यासाठी वापरलेला शब्द सिन्येस्त्रो नव्हता. तो होता 'इस्क्येर्दो'. शब्दकोशात डाव्यासाठी एक शब्द सापडला असताना रेखाचित्र काढणाऱ्याने दुसराच का वापरला, हा प्रश्न त्या दिवशी मनात आला आणि तिथेच राहिला. पुढे त्यासाठी मी स्पॅनिश शिकले, घरी बसून, जुन्या पुस्तकांवरून. भाषाशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. जे वाचले ते अडखळत वाचले, हे आधीच सांगितलेले बरे.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिचा या लेखाशी संबंध आहे. मी जन्माने डावखुरी आहे. पाटीवर डाव्या हाताने अक्षर काढले की आमचे गुरुजी बोटांवर पट्टी मारत. सहा महिन्यांत मी उजव्या हाताने लिहू लागले. स्वयंपाकघरात मात्र विळी आजही डाव्या हाताला धार येईल अशी फिरवून बसते, आणि हळदीकुंकवाला जायचे तर उजवा हात आठवणीने पुढे करावा लागतो. तेव्हा डाव्या हातावर भाषेनेही अन्याय केला असेल, असे मानायला मी अगदी तयार होते. त्या तयारीचे काय झाले, तेच पुढे सांगायचे आहे.

लॅटिनमध्ये हातांची जोडी होती 'डेक्स्टर' आणि 'सिनिस्टर'. डेक्स्टर म्हणजे उजवा. आपला संस्कृत 'दक्षिण' त्याचाच सख्खा नातलग. सिनिस्टर म्हणजे डावा. रोमन साम्राज्य गेले, लॅटिनच्या लेकी वेगवेगळ्या घरी नांदू लागल्या, आणि स्पेनच्या घरात या जोडीचे विचित्र झाले. डेक्स्टरपासून झालेला 'द्येस्त्रो' आज मुख्यतः 'कुशल' या अर्थी उरला आहे, आणि बैलाशी झुंजणाऱ्या मातादोरला द्येस्त्रो म्हणतात. सिनिस्टरपासून झालेला सिन्येस्त्रो आज भयकथेत भेटतो, नाहीतर विम्याच्या कागदावर. व्हीगो शहरातल्या पोरांनी 1981 साली रॉक बँड काढला तेव्हा नाव ठेवले 'सिन्येस्त्रो तोताल', म्हणजे विम्याच्या भाषेत 'गाडी पूर्ण निकामी'. बोलताना कुणाचाही डावा हात आज सिन्येस्त्रो नसतो. ग्रंथांच्या भाषेत 'द्येस्त्रा' आणि 'सिन्येस्त्रा' हे हात अजून सापडतात, आणि 'आ द्येस्त्रो इ सिन्येस्त्रो' या वाक्प्रचारात ती जुनी जोडी एकत्र उभी आहे. त्याचा अर्थ दिसेल त्याला, मागचापुढचा विचार न करता. आपण 'डावेउजवे करू नका' म्हणतो तेव्हा भेद करू नका असे सांगतो. त्यांच्याकडे डावेउजवे म्हणजेच भेद न करता.

हात सोडून गेलेल्या या शब्दांच्या जागी आले कोण? उजव्याच्या जागी आला 'देरेचो'. हा लॅटिनच, 'डिरेक्टस' म्हणजे सरळ यावरून. सरळ, उजवा, कायदा आणि हक्क हे चारही अर्थ आज त्या एका शब्दात आहेत. पोर्तुगीजमध्ये त्याचे भावंड 'दिरैतु'. गोव्यात 1867 च्या पोर्तुगीज नागरी कायद्यावर वकिली करणाऱ्यांना ते परके नसावे. डाव्याच्या जागी मात्र आला इस्क्येर्दो, आणि हा लॅटिनच्या गोत्रातलाच नाही. त्याचे मूळ बास्क भाषेतल्या 'एस्केर' शब्दाशी जोडतात. शेवटी 'आ' हे निर्देशक लागले की होते 'एस्केर्रा'. बास्क ही युरोपातली एकटी भाषा. आजूबाजूच्या कुठल्याही भाषेशी तिचे नाते सिद्ध झालेले नाही, आणि रोमन येण्याच्या आधीपासून ती पिरेनीज डोंगराच्या आसपास बोलली जात आहे.

स्पॅनिशने बास्ककडून तसे फारसे घेतलेले नाही. 'चातार्रा' म्हणजे भंगार, 'आकेलार्रे' म्हणजे चेटकिणींचा मेळावा (मूळ अर्थ बोकडाचे कुरण), अशी नामे सापडतात. भंगाराला शेजाऱ्याचा शब्द घेतला तर नवल नाही. पण 'डावा' हे विशेषण, जे दोन वर्षांचे मूलही शिकते, ते उसने घ्यावे लागावे? हाताला हात म्हणायचे लॅटिनमधून, बोटाला बोट लॅटिनमधून, उजव्याला उजवा लॅटिनमधून, आणि डावा तेवढा परक्या घरचा.

याचे एक उत्तर तयार आहे, आणि ते जिथेतिथे दिलेले आढळते. डावा हात अपवित्र, अशुभ. त्याचे नाव घेणेही वाईट. म्हणून लोक नाव टाळत गेले आणि त्याजागी दुसरे निरुपद्रवी नाव आणत गेले. आपण सापाला 'लांबडे' म्हणतो, देवी आल्या म्हणतो, तसेच. या विचाराला भक्कम मांडणी मिळाली ती रोबेर हेर्ट्झ या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाच्या 1909 सालच्या निबंधात. उजव्या हाताला समाज श्रेष्ठ का मानतो, हा त्याचा विषय. भारत-युरोपीय भाषांत उजव्यासाठी एकच शब्द दूरवर टिकून राहिलेला दिसतो आणि डाव्यासाठी मात्र दर कोसावर नवा, हे त्याने आंत्वान मेये या भाषाशास्त्रज्ञाच्या आधारे दाखवले. हेर्ट्झ 1915 साली पहिल्या महायुद्धात मारला गेला. वय अवघे तेहेतीस. निबंध अजूनही वाचला जातो, आणि वाचावा असाच आहे.

ग्रीकांच्या बाबतीत हे उत्तर चपखल बसते. त्यांनी डाव्याला 'अरिस्तेरोस' म्हटले, म्हणजे 'अधिक चांगला', आणि 'एवोनिमोस', म्हणजे 'शुभ नावाचा'. भीती असल्याशिवाय एवढी खुशामत कोण करील? संस्कृतातल्या 'वाम' शब्दातही डावा आणि सुंदर हे दोन्ही अर्थ नांदतात, आणि तिथेही काहींना हीच खुशामत दिसते. माझ्या पट्टी खाल्लेल्या बोटांना हे उत्तर फार आवडले. स्पॅनिश लोकांनीही सिनिस्टर हे भीतीपोटी टाकले आणि डोंगरातल्या शेजाऱ्यांचे नाव आणले, असे मी एका वहीत लिहूनही ठेवले.

मग शंका येऊ लागल्या.

पहिली शंका रोमनांनीच काढली. शकुन पाहताना रोमन दक्षिणेकडे तोंड करून बसत असे सांगतात, त्यामुळे उगवतीची बाजू त्यांच्या डावीकडे येई. म्हणून त्यांच्या शकुनशास्त्रात डावीकडची खूण शुभ. सिसेरोने शकुनांवरच्या आपल्या ग्रंथात हा फरक नोंदवला आहे, की आमच्याकडे डावे चांगले आणि ग्रीकांकडे उजवे. सिनिस्टरला वाईट अर्थ चिकटला तोही लॅटिनमध्येच, ग्रीकांच्या संगतीने. म्हणजे शब्द जन्मतः शापित नव्हता. तरी पुढे तो अशुभ झाला हे खरे. एल सिदच्या जुन्या काव्यात नायक हद्दपार होऊन निघतो तेव्हा बिवार गाव सोडताना एक कावळी उजवीकडून जाते आणि बुर्गोसमध्ये शिरताना डावीकडून. ते ऐकताना श्रोत्यांच्या काळजात काय झाले असेल ते सांगायला नको. पण लक्षात घ्या, त्या काव्यात डावीकडे हे सांगायला सिन्येस्त्राच वापरले आहे. शब्द अशुभही आहे आणि वापरातही आहे. अपशकुनाने त्याला घराबाहेर काढलेले नाही.

दुसरी शंका इटालियनची. इटालियनने 'सिनिस्त्रा' आजतागायत सोडलेले नाही. रस्ता सांगतानाही तेच, हाताचे नावही तेच, राजकारणातले डावेही तेच. विम्यातल्या अपघाताला 'सिनिस्त्रो' म्हणतात, पण म्हणून हात बिचकला नाही. इटलीत काय डाव्या हाताची भीती कमी होती? भीतीच शब्द मारते म्हणावे, तर रोमच्या दारातच तो कसा वाचला?

तिसरी शंका मला सगळ्यांत मोठी वाटते, आणि तिच्याकडे कुणी फारसे थांबून पाहिलेले माझ्या वाचनात आलेले नाही. स्पॅनिशमध्ये डाव्याचे नाव गेले, तसे उजव्याचेही गेले. फ्रेंचमध्येही तेच. डाव्याचे 'सेनेस्त्र' गेले आणि 'गोश' आले, उजव्याचे 'देस्त्र' गेले आणि 'द्र्वा' आले, तेही सरळ या अर्थावरूनच. पोर्तुगीज आणि कातालानमध्ये तीच गोष्ट. उलट इटालियनने डावा राखला, तर उजवा 'देस्त्रा'ही राखला. जोडी गेली तर दोघे गेले, राहिली तर दोघे राहिले. भीती डाव्याची होती म्हणता, मग उजव्याने कुणाचे काय बिघडवले होते?

इथे मला आपल्या घरचा पुरावा सापडला. तो सापडला तेव्हा मी रात्री दोन वाजता एकटीच हसले होते. हिंदीत उजवा म्हणजे दाहिना, तो दक्षिणवरून. डावा म्हणजे बायाँ, तो वामवरून. दोन्ही जुने संस्कृत शब्द जागच्या जागी. मराठीत काय? 'दक्षिण' दिशेला उरले आणि भटजींच्या दक्षिणेत उरले. हाताला ते आपण लावत नाही. हाताला आपण म्हणतो 'उजवा', आणि तो येतो 'ऋजु'वरून. ऋजु म्हणजे सरळ. जुन्या मराठीत 'उजू' म्हणजे सरळच. म्हणजे डिरेक्टसवरून देरेचो आणि ऋजुवरून उजवा, वाट तीच. आणि डावा? तो ना वामवरून, ना सव्यवरून. हेमचंद्राने बाराव्या शतकात 'देशीनाममाला' रचली ती संस्कृतावरून सिद्ध न होणाऱ्या प्राकृत शब्दांसाठी. त्यात डाव्या हाताचा 'डव्व' आहे. आपला डावा आणि गुजरातीचा 'डाबु' त्याच घरातले. गुजरातीत उजव्याला 'जमणु' म्हणतात आणि तो जेवण्याच्या क्रियापदाशी जोडतात, म्हणजे जेवायचा हात. तर मराठीतही उजव्याला 'सरळ' हे नवे नाव आणि डाव्याला अभिजात भाषेबाहेरचा देशी शब्द. हुबेहूब स्पेन.

आता हिंदी प्रदेशात आणि महाराष्ट्रात डाव्या हाताचा विटाळ वेगवेगळा आहे का? प्रसाद दोन्हीकडे उजव्या हातावर. दान उजव्या हाताने. शौचाला डावा. श्राद्धात जानवे फिरवायचे तर अपसव्य दोन्हीकडे. 'हे अपसव्य कशाला' हे आपण नको त्या उपद्व्यापाला म्हणतो, एवढाच आपला अधिकचा वाटा. रूढी एक, शास्त्र एक, आणि तरी एका भाषेने जुने शब्द राखले, दुसरीने दोन्ही टाकले. कारण जर विटाळ असेल तर परिणाम सारखा व्हायला हवा होता. झालेला नाही. वहीतले ते पान मी खोडले, आणि खोडताना वाईट वाटले हे कबूल करते. आपल्यावर झालेल्या अन्यायाला इतिहासाचा आधार मिळत असेल तर तो सोडवत नाही.

मग खरे कारण काय? माझा अंदाज असा. जोडीतला एक शब्द हलला की दुसरा आपोआप सैल होतो. द्येस्त्रोला 'कुशल' हा अर्थ आधीपासून होताच. तो वाढत गेला तसा हाताला साधा, रोखठोक शब्द हवासा झाला, आणि 'सरळ' पुढे आला. उजवा सरळ झाल्यावर सिन्येस्त्रोला जोडीदार उरला नाही. या दोन शब्दांची जोडी किती घट्ट होती याचा पुरावा सिन्येस्त्रोच्या अंगावरच आहे. लॅटिन सिनिस्टरमधून नियमाने 'सेनेस्त्रो' व्हायला हवे होते. मधला 'ये' त्याने द्येस्त्रोकडून उचलला. डाव्याने उजव्याचे पाहून आपला चेहरा बदलला होता. तो उजवाच निघून गेल्यावर त्याने काय करावे?

पण यातून जागा रिकामी का झाली एवढेच कळते. ती बास्क शब्दाने का भरली हे कळत नाही. इथे मला दोन समजुतींशी भांडायचे आहे.

पहिली समजूत शब्दाच्या फोडीची. बास्कमध्ये 'एस्कु' म्हणजे हात. तेव्हा एस्केर म्हणजे एस्कु अधिक 'ओकेर' (वाकडा), वाकडा हात; किंवा एस्कु अधिक 'एर्दी' (अर्धा), अर्धा हात. ऐकायला छान. उजवा सरळ, डावा वाकडा, जोडी जमली. पण बास्क भाषा दोन प्रकारचे 'स' वेगळे मानते. आपल्या कानाला 'चार'मधला च आणि 'चारा'मधला च जसा वेगळा, तसे. हाताच्या एस्कुमध्ये एक स आहे, डाव्याच्या एस्केरमध्ये दुसरा. नागरीत लिहिताना हा फरक पुसला जातो, आणि दूरच्या माणसाला फसायला होते, पण बास्क माणूस ते दोन शब्द कधी एकत्र बांधणार नाही. 'अर्धा'वाली फोड मुळात स्पॅनिशमधल्या 'द'साठी काढलेली दिसते, कारण इस्क्येर्दोत द आहे आणि एस्केर्रात नाही. पण द मुळातला असता तर तो बास्कमध्ये नको का? शेजारच्या कातालान 'एस्केर्रा'तही तो नाही, गास्कोनमध्येही नाही. फक्त स्पॅनिश आणि पोर्तुगीजमध्ये आहे. तो वाटेत लागलेला आहे.

दुसरी समजूत अशी की हा शब्द बास्ककडून स्पॅनिशने घेतला, प्रश्न मिटला. इथे जुआन कोरोमिनास याचे म्हणणे ऐकायला हवे. 1905 साली बार्सिलोनात जन्मलेला हा कातालान पंडित यादवी युद्धानंतर देशाबाहेर पडला. अर्जेंटिनातल्या मेंदोसा शहरी शिकवत, पुढे शिकागोत, त्याने स्पॅनिशचा व्युत्पत्तिकोश रचला. त्याचे चार खंड 1954 ते 1957 या काळात निघाले. त्याचे मत असे, की हा शब्द पिरेनीजच्या दोन्ही अंगांना रोमनपूर्व काळात बोलल्या जाणाऱ्या भाषेतला असावा. बास्कनेही तो तिथूनच राखला आणि बाकीच्यांनीही. बास्क लोकांनी दिला असे म्हणण्यापेक्षा त्यांनी सांभाळला असे म्हणावे लागेल.

मला आधी हा नुसता किस काढणे वाटले होते. पण नकाशा पुढे ठेवला की त्याचे वजन कळते. पूर्वेला भूमध्य समुद्राच्या काठी कातालान एस्केर्रा, पश्चिमेला अटलांटिकच्या काठी पोर्तुगीज 'एश्केर्दु', उत्तरेला डोंगरापलीकडे गास्कोन. मधल्या चिमुकल्या बास्क प्रदेशातून भंगाराचा आणि चेटकिणींचा शब्द जातो तसा हा गेला असता, तर एवढा समान पसरला असता का? शिवाय तो जुना आहे याची खूण त्याच्या उच्चारातच आहे. लॅटिन 'तेर्रा' (जमीन) स्पॅनिशमध्ये 'त्येर्रा' होतो, पोर्तुगीजमध्ये तेर्राच राहतो. तसाच इस्क्येर्दो आणि एश्केर्दु. हा ए-चा 'ये' होण्याचा बदल फार जुन्या काळातला. आकेलार्रे हा शब्द पाहा. बास्क चेटकिणींवर लोग्रोन्यो शहरात खटले चालले आणि 1610 साली शिक्षा झाल्या, त्या काळात तो गाजला. त्यात ए तसाच आहे, 'ये' झालेला नाही, कारण तो उशिरा आला. इस्क्येर्दो त्याच्या कितीतरी शतके आधी घरात शिरलेला होता.

घरात शिरला कसा, याचे एक चित्र माझ्या डोळ्यासमोर आहे. लोग्रोन्योच्याच प्रांतात, रिओहामध्ये, सान मियान नावाचा मठ आहे. तिथे एका लॅटिन पोथीच्या समासात आणि ओळींमध्ये कुणा भिक्षूने, हजार वर्षांपूर्वीच्या सुमारास, कठीण शब्दांचे अर्थ लिहून ठेवले. बहुतेक अर्थ तिथल्या बोलभाषेत, जी पुढे स्पॅनिश होणार होती तिच्या जवळच्या बोलीत. आणि दोन ठिकाणी बास्कमध्ये. पोथी एक, तिच्यात तिन्ही भाषा. ज्या मुलखात अर्थ सांगायला दोन्ही भाषा हाताशी होत्या, तिथे चुलीपाशी, औताला बैल जुंपताना, मुलाला घास भरवताना कोणता 'डावा' तोंडी येई, याला कुणी परकीय आक्रमण म्हणणार नाही. आयांची भाषा बास्क असेल तर मुलांनी हात त्याच भाषेत ओळखले असतील. यावर माझ्याकडे कागद नाही. अंदाज म्हणूनच घ्यावा. पोर्तुगालपर्यंत तो कसा पोचला हे या चित्रातून सुटत नाही, तिथे कोरोमिनासकडेच जावे लागते.

आजच्या वापराकडे आले की शब्दाची तब्येत ठणठणीत दिसते. माद्रिदमधल्या इमारतीत पत्ता लिहिताना मजल्याच्या आकड्यापुढे 'डावे' किंवा 'उजवे' असे संक्षेपात लिहितात, म्हणजे जिना चढल्यावर कोणते दार. इस्क्येर्दो हे आडनावही सर्रास आढळते. आपल्या डावरे-डावखरे यांच्यासारखेच ते कुणा डावखुऱ्या पूर्वजाचे असावे. वाईट सकाळीला ते म्हणतात 'डाव्या पायाने उठला'. आपली नवी नवरी माप ओलांडताना उजवे पाऊल टाकते, त्याची ही दुसरी बाजू. कुचकामी माणसाला म्हणतात 'डावीकडचे शून्य'. हे मला विशेष वाटते, कारण स्थानावरून किंमत ठरणारे आकडे तिकडे गेले ते आपल्याकडून, अरबांमार्फत. त्याच रिओहातल्या आल्बेल्दाच्या मठात 976 साली लिहिलेल्या पोथीत हे नऊ आकडे सापडतात, शून्य सोडून. शून्य नंतर आले, आणि आल्यावर डावीकडे उभे राहून लोकांना शिवी म्हणून उपयोगी पडले.

पण एक वाक्प्रचार उलट दिशेचा आहे. 'त्याला डावा हात आहे' म्हणजे तो मुत्सद्दी आहे, अवघड माणसे हळुवार हाताळतो. काही जण हे बैलझुंजीकडे नेतात, कारण डाव्या हातात कापड धरून बैल वळवणे हे खरे कसब. काही जण घोडेस्वाराच्या लगामाकडे नेतात. मराठीत डाव्या हाताचे असे कौतुक मला आठवत नाही. 'डाव्या हाताचा खेळ' म्हणतो तेव्हा आपण काम सोपे असल्याचे सांगतो, हाताचा गौरव करत नाही. 'उजवा' म्हणजे सरस, 'डावा' म्हणजे उणा, आणि बाजूला टाकणे याला तर 'डावलणे' हे क्रियापदच करून ठेवले आहे.

राजकारणातला अर्थ फ्रान्सहून आला. 1789 च्या सभेत राजाच्या नकाराधिकाराला विरोध करणारे अध्यक्षांच्या डावीकडे बसले, आणि जगभर डावे-उजवे झाले. आपले 'डावे पक्ष'ही त्याच बाकावरचे. बार्सिलोनात 1931 साली निघालेल्या प्रजासत्ताकवादी पक्षाचे नावच 'एस्केर्रा'. रोमनांच्याही आधीचा तो शब्द निवडणुकीच्या भिंतीवर रंगवलेला असतो, आणि मते मागणाऱ्याला त्याच्या वयाची कल्पना नसते.

डावखुऱ्या माणसाला मात्र इस्क्येर्दो म्हणत नाहीत. त्याला 'सुर्दो'. हात इस्क्येर्दो, माणूस सुर्दो, असा भेद तिथे पक्का आहे. अर्जेंटिनात राजकीय डाव्यालाही सुर्दो म्हणून हिणवतात, आणि त्याच देशात माराडोनाच्या डाव्या पायाला, 'सुर्दा'ला, देवत्व दिले. 22 जून 1986 ला इंग्लंडविरुद्ध त्याने केलेल्या दोन गोलांपैकी शतकातला सर्वोत्तम म्हणतात तो डाव्या पायाने, आणि दुसरा, ज्याला तो देवाचा हात म्हणाला, तोही डाव्याच हाताने मारलेला होता.

शेवटी एक शब्द माझ्यासाठी. सक्तीने उजवा हात वापरायला लावलेल्या डावखुऱ्याला स्पॅनिशमध्ये 'सुर्दो कोन्त्रारियादो' म्हणतात, बाईमाणूस असेल तर 'सुर्दा कोन्त्रारियादा'. कोन्त्रारियादो म्हणजे मनाविरुद्ध अडवलेला. नाराज, असाही अर्थ होतो. मराठीत याला शब्द नाही. हा लेख लिहिताना अधूनमधून पेन डाव्या हातात घेऊन पाहिले. चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी 'अ' काढला. वळण लहान मुलीचे आहे, पण वाचता येते.